सहा बाटल्या हिरवं पाणी

भिलाईला जाऊन आलो म्हटलं की लोक भट्टीचं विचारतात. लोखंडाचा रस वाहताना पाहिला का, रात्री आकाश लाल होतं म्हणतात ते खरं का. पाहिला, लांबून. आकाशही लाल होतं. पण मी गेलो होतो शेवाळ आणायला, आणि हे सांगितलं की विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. सगळा देश जिथे पोलाद बघायला जातो तिथून हा माणूस डबक्यातलं हिरवं घेऊन आला.

तर कारण आधी सांगतो. मी नागपूरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर आहे. एका जागी बसणं मला जमत नाही, वर्गात जमत नाही, जेवताना जमत नाही. फक्त सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की बसतो. मागच्या वर्षी एका परदेशी नियतकालिकात मला एक फोटो सापडला. नीलहरित शेवाळाच्या एका पेशीचा अतिशय पातळ काप, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरलेला. या जातीला शेवाळ म्हणतात खरं, पण तिच्या पेशीत केंद्रक नाही, त्यामुळे ती जिवाणूंचीच भाऊबंद. त्या पेशीच्या पोटात चार-पाच करडे ठिपके होते. ठिपके गोल नव्हते. त्यांना कोपरे होते. कुणाला सहा बाजू, कुणाला पाच.

जिवंत पेशीच्या आत इतके सरळ कोपरे कशाला येतील? या एका प्रश्नाने माझी झोप उडवली. आमचे प्राध्यापक म्हणाले, मीठ साचतं तसे स्फटिक असतील, नाहीतर नमुना मेल्यावर पडलेली घाण. मी म्हणालो, कडेला बारीक रेघ दिसते आहे. पेशीतल्या साध्या पडद्याची रेघ दुहेरी दिसते, ही एकेरी आहे. विषाणूंना प्रथिनांच्या तुकड्यांचं कवच असतं, तसंच हे कवच असेल आणि आत काहीतरी कोंडलेलं असेल. प्राध्यापकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग म्हणाले, येत्या गुरुवारी मी कलकत्त्याला निघालो आहे. तिथल्या यंत्रावर मला अर्धा दिवस मिळाला आहे. पुन्हा वर्षभर मिळणार नाही. ताजा, जिवंत, बिनभेसळीचा नमुना द्या, तुमचं कवच बघतो. नाहीतर हा विषय माझ्यापुढे परत काढू नका.

नागपूरच्या तलावांतलं शेवाळ म्हणजे सतरा जातींची खिचडी. चुनखडीच्या पाण्यात मात्र ही निळसर जात जोमाने आणि एकटीच वाढते. भिलाईजवळ अहिवाऱ्याकडे चुनखडीच्या खाणी आहेत, त्यांतला दगड कारखान्याच्या भट्ट्यांना जातो. आमच्या प्रयोगशाळेतला किसन म्हणाला, माझा भाऊ तिथंच कारखान्यात आहे, त्याच्याकडे उतरा. कलकत्ता मेल वाटेत दुर्गला थांबते. ठरलं. गुरुवारी दुपारी दुर्गच्या फलाटावरून, खिडकीतून, मी बाटल्या प्राध्यापकांच्या हातात द्यायच्या.

रविवार, सेक्टर ६

किसनचा भाऊ शामराव. भट्टीच्या आतून विटा लावायच्या कामावर आहेत. उंच, कमी बोलणारे, भुवया कायमच्या भाजलेल्या. त्यांनी मला स्टेशनवरून सायकलच्या दांडीवर बसवून आणलं. मुरमाचे नवे रस्ते, विटांच्या जाळीत लावलेली वीतभर झाडं, आणि एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं अशी घरं. बाजारात एक रशियन बाई टमाट्यांवरून हिंदीत घासाघीस करत होती आणि भाजीवाली तिला जराही सूट देत नव्हती.

घरात शामरावांची पत्नी कौसल्यावहिनी आणि आठ-नऊ महिन्यांची एक मुलगी. तिचं नाव अजून ठरायचं होतं, सगळे बेबी म्हणत. वहिनींनी मला आल्या आल्या पाणी दिलं. पितळी लोटा इतका घासलेला की त्यात माझं नाक दिसत होतं. पाणी देऊन त्या आत गेल्या नाहीत. दाराशी उभ्या राहिल्या, मी पितो का ते बघत. मी गटागटा प्यालो. तेव्हा त्या आत गेल्या.

इथे एक गोष्ट लिहिली पाहिजे, कारण पुढचं तिच्यावाचून कळणार नाही. शामरावांचं घर वर्ध्याकडचं, बाबासाहेबांबरोबर बौद्ध झालेलं. आणि मी साताऱ्याकडच्या ज्या घरातला आहे, तिथे अशा माणसांना पाणी कसं दिलं जाई ते मी लहानपणी पाहिलेलं आहे. वरून, ओंजळीत, भांडं हाताला लागणार नाही अशा बेताने. मला त्याची लाज वाटते. पण लाज वाटणं वेगळं आणि शहाणपण वेगळं, हे मला या प्रवासात कळलं.

जेवायला भात, लाखोळीची डाळ, वांग्याचं भरीत आणि परत भात. आमच्याकडे भाकरी हे जेवण आणि भात ही शेवटची सही. इथे भाताने सुरुवात, भाताने शेवट, आणि सकाळी रात्रीचाच भात पाण्यात घालून. मी दोन दिवसांत त्याला सरावलो. तिखटाला मात्र सरावलो नाही.

बेबीच्या हातात बांबूच्या कामट्यांचा विणलेला एक खुळखुळा होता, लिंबाएवढा, आत खडा. ती तो सारखा चावत होती. विणीची भोकं सहा कोनांची. मी तो सहज उचलला, वाजवला, परत दिला. त्या वेळी माझं लक्ष खाणीकडे होतं.

सोमवार

अहिवाऱ्याचा ट्रक सोमवारी गेलाच नाही. मग मी दिवसभर चाललो. सेक्टर ६ ला दोनदा वळसा घातला, एकदा घड्याळाच्या दिशेने आणि एकदा उलटा. परत येऊन दार ढकललं, खुर्चीत बसलो, चपला काढल्या. आतून एक तेलुगू बाई पाण्याचा पेला घेऊन आल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. घर चुकलं होतं. पाणी पिऊनच उठावं लागलं. हे कळल्यावर वहिनी पहिल्यांदा माझ्यासमोर हसल्या. म्हणाल्या की शामराव स्वतः पहिल्या महिन्यात दोनदा शेजारी जाऊन बसले होते, म्हणून दारावर चुन्याने आडवी रेघ मारून ठेवली आहे.

मंगळवार, अहिवारा

पहाटे ट्रक मिळाला. चुनखडी न्यायला रिकामा चाललेला, त्यामुळे मी मागे हौद्यात, आणि प्रत्येक खड्ड्याला माझ्यासकट हौदा उडत होता. दोन्ही बाजूंना पळस फुललेला. मोहाच्या झाडांखाली बाया टोपल्या घेऊन वाकलेल्या, खाली पडलेली फुलं वेचत. त्यांना घाई नव्हती. मला त्यांचा हेवा वाटला आणि रागही आला.

खाणीवर सगळं पांढरं. माणसं पांढरी, बैल पांढरे, झाडांची पानंसुद्धा. आणि त्या पांढऱ्यामध्ये जुन्या, सोडून दिलेल्या खड्ड्यांत साचलेलं निळं पाणी. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उतरलो, तिसऱ्या पावलाला घसरलो आणि कमरेपर्यंत पाण्यात बसलो. वर काम करणाऱ्या बाया हसल्या. पण बसलो तिथेच, दगडाच्या पोटाला, मला हवं होतं ते चिकटलेलं होतं. काळपट निळं, मऊ, एकजात. खिशातल्या भिंगाखाली बघितलं, एकही परका धागा दिसेना. सहा बाटल्या भरल्या. खाणीवरच्या झोपडीत तांदळाच्या पिठाचे चिले, म्हणजे आपली धिरडी, आणि टमाट्याची चटणी खाल्ली. गुडघा सोलवटला होता ते चटणीच्या तिखटाने विसरायला झालं.

संध्याकाळी बाटल्या घरी आणल्या. शेवाळाला उजेड हवा, हवा हवी, म्हणून बुचं न लावता तोंडाला मलमलीचा तुकडा बांधला आणि मागच्या अंगणात, नळाशेजारच्या कट्ट्यावर ओळीने ठेवल्या. प्रत्येकीवर इंग्रजीत चिठ्ठी चिकटवली. वहिनी त्या दिवशी खास माझ्यासाठी भाकऱ्या थापत होत्या. त्यांना सांगावं म्हणून मी स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. वाक्य ओठांवर आलं होतं: वहिनी, त्या बाटल्यांना हात लावू नका.

आणि ते मी गिळलं. या घरात, या बाईला, मी, साताऱ्याच्या त्या घरातला मुलगा, पाण्याच्या भांड्याला हात लावू नका म्हणू? दुसऱ्या शब्दांत सांगता आलं असतं. पण मला त्या क्षणी दुसरे शब्द सुचेनात, प्रत्येक वाक्य फिरून तिथेच येत होतं. मी म्हणालो, वा, भाकरीचा वास छान सुटलाय. आणि माघारी फिरलो. वरून स्वतःवर खूशही झालो.

बुधवार

बुधवारी माझं काहीही काम नव्हतं. शहाणा माणूस अंगणात बाटल्यांजवळ बसला असता. मला बसवेना. मेल खरंच दुर्गला थांबते का, किती मिनिटं थांबते, पहिल्या वर्गाचा डबा फलाटाच्या कुठल्या टोकाला येतो, हे बघायला मी शामरावांची सायकल घेऊन दुर्गला गेलो. मेल आली, थांबली, गेली. मी घड्याळ लावून मोजलं. मग फलाटावर चहा प्यालो, मेलचा डबा थांबला होता तिथे खडूने खूण केली, आणि दिवस कलताना परत आलो.

कट्ट्यावर सहा बाटल्या ओळीने ठेवलेल्या होत्या. राखेने घासलेल्या, स्वच्छ, काचेपलीकडची वीट दिसावी अशा. नळाचं ताजं पाणी काठोकाठ भरलेलं. मलमलीचे तुकडे धुऊन दोरीवर वाळत होते. चिठ्ठ्या खरवडून काढलेल्या.

वहिनी बेबीला कडेवर घेऊन आल्या. "भाऊ, तुमच्या बाटल्यांतलं पानी नासलं होतं," त्या म्हणाल्या, "हिरवंगार झालं होतं. साफ करून देल्ल्या."

मी काय बोललो ते मला लिहवत नाही. शिवी नव्हती. पण आवाज माझ्या वडिलांचा होता, ते ज्या आवाजात अंगणातल्या माणसांशी बोलत त्या आवाजाचा. वहिनींचा चेहरा मिटला. बेबी रडायला लागली. मी बाहेर पडलो आणि चालत सुटलो.

किती चाललो ठाऊक नाही. कारखान्याचा भोंगा झाला, पाळी सुटली, सायकलींचा लोंढा अंगावर आला, आणि मी एकटा उलट्या दिशेने. अहिवाऱ्याला परत जायला ट्रक पहाटे, यायला संध्याकाळी, आणि मेल उद्या दुपारी. संपलं होतं. राग आधी वहिनींवर होता. मग तो हळूहळू सरकत माझ्याकडे आला, कारण दुसरं कोणी उरलंच नाही. मी एक वाक्य बोललो असतो तर काहीही झालं नसतं.

परत आलो तेव्हा शामराव कामावरून आले होते. दोघंही ओसरीवर बसलेले. शामरावांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी माझ्यासाठी खाट पुढे सरकवली. मी उभाच राहून माफी मागितली. तेव्हा वहिनी बोलल्या, माझ्याकडे न बघता.

"आमच्या गावात विहीर दुसऱ्याईची. आमाले डबक्याचा खालचा काठ. वरचं हिरवं हातानं बाजूले सारायचं, मंग फडक्यानं गाळून घ्यायचं. इथं नळ भेटला त्या दिवशी म्या ठरवलं, हिरवं पानी माह्या घरात दिसनार नाही अन् माहा हात त्यात पडनार नाही." मग त्यांनी मान वर केली. "पन तुमाले ते पाह्यजे होतं, तं तुम्ही सांगतलं कावून नाही?"

मी खरं ते सांगितलं. 'हात लावू नका' असं या घरात म्हणायची मला लाज वाटली.

शामराव विडी शोधू लागले. मला वाटलं आता बॅग उचलावी.

"म्हनायचं होतं, भाऊ," वहिनी म्हणाल्या. "कावून नाही लावायचा ते बी सांगायचं. आजवर ज्यानं म्हटलं, त्यानं कारन नाही सांगतलं. तेवढाच तं फरक आहे."

मग मी खाटेवर बसलो आणि कारण सांगितलं. खिशातला फोटो काढला. पेशी, कोपऱ्यांचे ठिपके, कडेची एकेरी रेघ, प्राध्यापकांची अट, उद्याची मेल. शामराव फोटो कंदिलाजवळ धरून बघत राहिले आणि म्हणाले की भट्टीचा घुमट बांधताना सरळ विटेनं गोल वळत नाही, एका बाजूनं निमुळती वीट घालावी लागते, यात कुठं असंल ते. वहिनींनी फक्त विचारलं, कसं हिरवं पाहिजे? मी म्हणालो, म्हणजे? त्या म्हणाल्या, हिरवं काय एक असतं का. रंगावानी तरंगते ते वेगळं, केसावानी लांब असते ते वेगळं, अन् काळं-निळं, चामड्यावानी सोलून निघते ते वेगळं. मी वनस्पतिशास्त्राची पदवी घेतलेला माणूस, हे तीन वर्ग मला पुस्तकातून पाठ करावे लागले होते.

तिसरं, मी म्हणालो. चामड्यासारखं.

"मंग अहिवाऱ्याले कायले जाता," त्या म्हणाल्या. "सकाळी रुआबांध्याच्या तळ्यावर चला."

गुरुवार, रुआबांधा

उजाडताना निघालो. मी बरोबर आणलेल्या सूक्ष्मदर्शकाची लाकडी पेटी आणि बाटल्यांची टोपली घेऊन पुढे, वहिनी बेबीला घेऊन मागे, आणि दर शंभर पावलांनी मी थांबून मागे बघायचो. त्या आपल्या चालीनेच आल्या. तळ्याच्या ज्या काठाला म्हशी उतरतात तिकडे त्या फिरकल्याच नाहीत. पलीकडे गेल्या, जिथे जुने दगड अर्धे पाण्यात होते. तिथे बेबीला माझ्याकडे दिलं, बांगड्या वर सारल्या, आणि थांबल्या.

त्या तशा बऱ्याच वेळ उभ्या होत्या. मला म्हणता आलं असतं की राहू द्या, मी काढतो. दाखवा फक्त. ते मी म्हणालोसुद्धा. त्यांनी मान हलवली. तुम्हाला तिसरं ओळखू येनार नाही, वरून सगळं सारखंच दिसते, असं काहीसं म्हणाल्या आणि कोपरापर्यंत हात त्या हिरव्या पाण्यात घातला. दगडाच्या खालच्या अंगाने बोटं फिरवून त्यांनी तळहाताएवढा पापुद्रा अलगद सोलून काढला. काळा-निळा, तकतकीत, जराही न फाटलेला. मी खाणीत चाकूने खरवडलेलं त्याच्यापुढे काहीच नव्हतं.

मी दगडावरच सूक्ष्मदर्शक मांडला. एका हातात बेबी, त्यामुळे काच लावायला तीन खेपा लागल्या. दिसले ते नुसते निळसर धागे, एका जातीचे, स्वच्छ, आणि संथपणे सरकणारे. ही जात हलते. मी वहिनींना बघायला बोलावलं.

त्या वाकल्या. मी वाट बघत होतो की त्यांना आश्चर्य वाटेल. कॉलेजातली मुलं पहिल्यांदा बघताना करतात तसं काहीतरी. वहिनी खूप वेळ बघत राहिल्या.

"हे तं हालून राहिलं," त्या म्हणाल्या. आणि मग, हळू, "हे आम्ही पेत होतो."

त्यांनी हात धुतले, परत धुतले. मग स्वतःच एकेक बाटली भरली, आणि मलमल बांधताना विचारलं, "असंच ना? हवा लागली पाह्यजे." या वेळी चिठ्ठ्या मी मराठीत लिहिल्या: रुआबांधा तळे, पूर्वेचा काठ, गोळा करणार कौसल्याबाई.

तळ्याच्या त्याच काठावर एक म्हातारी बांबूच्या कामट्या भिजवत बसली होती. मंटोराबाई. बेबीचा खुळखुळा तिनेच विणलेला. तिच्यासमोर पाण्यातल्या भाताची वाटी, कांदा, आणि भोवती कोंबड्या झाकायची अर्धी विणलेली डालगी. तिने बेबीकडून खुळखुळा घेऊन तपासला, सैल झालेली कामटी दाबली, परत दिला. आणि माझ्या डोक्यात एकदम शामरावांची निमुळती वीट वाजली.

मी तिच्याजवळ बसलो. विचारलं, ही वीण सपाट असते, ती गोल कशी करता? तिने माझ्याकडे असं बघितलं की याला इतकंही ठाऊक नाही. मग कामट्या हातात घेऊन दाखवलं. सहा कोनांचं भोक, शेजारी सहा कोनांचं, पुन्हा सहा. सपाट जाळी. मग एका जागी तिने एक कामटी कमी केली, भोक पाच कोनांचं झालं, आणि सबंध जाळी तिथून आपोआप वर उचलली गेली.

"छै-छै म चटाई बनथे," ती म्हणाली. "पांच डारबे तब मुड़थे."

सहा-सहाने चटई होते, पाच घातलंस तर वळते. फोटोतल्या ठिपक्यांच्या कोपऱ्यांकडे मी वर्षभर बघत होतो; कवच तिथेच असं वळत असणार. मी तो काढून तिला दाखवला. तिने नुसता ठिपक्याच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, आत काय आहे. मी म्हणालो, ठाऊक नाही. ती म्हणाली, खडा आधी ठेवावा लागतो, मग भोवती विणायचं, बंद झाल्यावर आत काही जात नाही. एवढं बोलून ती भात खायला लागली. माझ्या पेशीलाही हेच करावं लागत असेल का? आधी आतला ऐवज गोळा करायचा, मग भोवती कवच? हे मला कुणी विचारलं नव्हतं, मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

वहिनी मागून म्हणाल्या, "भाऊ, गाडी." मी चमकून घड्याळ बघितलं. अर्धा तास मी हललो नव्हतो.

मंटोराबाईकडून मी तीन खुळखुळे घेतले, लिंबाएवढा, पेरूएवढा आणि नारळाएवढा. निघताना घरी वहिनींना वाकून नमस्कार केला तर त्या दोन पावलं मागे सरल्या आणि म्हणाल्या, असं नका करू, उशीर होऊन राहिला तुमाले.

दुर्ग

मेल उशिरा होती. फलाटावर, माझ्या खडूच्या खुणेजवळ, मी पाच कोनांची भोकं मोजली. मोजलेल्या भोकात गवताची काडी खोवायची, म्हणजे चूक होत नाही. लहान खुळखुळ्यात बारा. मधल्यात बारा. मोठ्यात माझी मोजणी दोनदा चुकली, तिसऱ्यांदा बारा. सहा कोनांची भोकं कितीही वाढोत, पाचांची बाराच. शेजारी बसलेला हमाल माझ्याकडे दयेने बघत होता.

गाडी आली, डबा खुणेच्या चार हात पुढे थांबला, आणि मी टोपली सांभाळत पळालो. प्राध्यापकांनी खिडकीतून बाटल्या एकेक करून आत घेतल्या. वास घेतला, भिंग लावलं, आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. "उत्तम आहे," ते म्हणाले. मी सांगितलं, याला बुचं लावू नका, श्वास कोंडतो. हलवू नका, पापुद्रा फाटतो. मग सगळ्यात लहान खुळखुळा त्यांच्या हातात कोंबला. हे काय, म्हणाले. कवच, मी म्हणालो. पाचाची भोकं मोजा. गाडी हलली. ते खिडकीत खुळखुळा धरून माझ्याकडे बघत होते, आणि तो गाडीच्या हेलकाव्याने वाजत होता.

नागपुरात परतल्यावर

दोन महिने मी कुणाच्याही उपयोगाचा नव्हतो. मग फोटो आले. पेशी स्वच्छ, ताजी. आणि आत तेच, कोपऱ्यांचे करडे ठिपके, सात. म्हणजे ते मेलेल्या नमुन्यातली घाण नव्हते, इतकं तर ठरलं. एक ठिपका कापताना फुटला होता. त्याच्या एका बाजूने आतलं करडं बाहेर सांडलेलं, आणि कडेची बारीक एकेरी रेघ मात्र रिकामी, तशीच वाकलेली, उभी. मी ती बघितली आणि खुर्चीतून उठलो, खोलीला तीन फेऱ्या मारल्या. मला तरी ते कवच वाटलं. प्राध्यापक म्हणतात, सुरीचा दोष. अजून ते स्फटिकच म्हणतात. पण त्यांच्या टेबलावर तो खुळखुळा आहे, आणि परत मागितला तर देत नाहीत.

आत काय आहे ते आम्हाला ठाऊक नाही. कदाचित बरीच वर्षं कळणार नाही. हे मला सहन होत नाही, पण पर्याय नाही.

त्या फुटलेल्या ठिपक्याच्या फोटोची एक मोठी प्रत काढून मी सेक्टर ६ ला पाठवली. मागे लिहिलं: वहिनी, यावर मधोमध बोट लावू नका, कारण हाताच्या घामाने चित्र कायमचं उडतं. कडेला धरा. बाणाने दाखवलं आहे ते तुम्ही सोललेल्या पापुद्र्यातलं आहे.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. अक्षर शामरावांचं, सांगणं वहिनींचं. नमस्कार, खुशाली, आंब्याला यंदा फळ बरं. मग असं:

"फोटो पोचला. साऱ्या लाईनीनं येऊन पाह्यला. तेलुगू बाईनं बी पाह्यला. तुम्ही कारन लिहिलं ते बरं केलं, सगळ्याईनं कडेलेच धरला. बेबीले अजून कारन समजत नाही, तिचं एक बोट मधात लागलं आहे."